काच चार बोटं खाली

संध्याकाळचे सात. सोलापुरातल्या चार पुतळ्यापासून जरा आत, पानटपरीशेजारचा आमचा कट्टा. एक पांढरी गाडी थांबली, काच चार बोटं खाली आली.

"ए, सात रस्ता कुठं?"

टपरीवाले चाचा सत्तरीचे. पानावर चुना फिरवणारं बोट तसंच ठेवून ते सांगू लागले. "थँक्यू!" काच वर, गाडी पसार.

"जंटलमन माणूस," बापू म्हणाला. "आजकाल थँक्यू कोण म्हणतंय?"

"आधी 'ए' म्हणाला ते ऐकलं नाहीस का बे?" व्यंकट.

झालं, पेटलं. बापूचं म्हणणं, सोलापूरकरानं 'ए'चा राग धरावा हाच विनोद. आपल्या 'काय करलालास बे'ला पुण्याचा पाहुणा दचकतो. "बे आपल्यातल्याला," व्यंकट म्हणाला. "चाचांना म्हणून दाखव." बापूनं चाचांकडं बघितलं आणि चहा मागवला.

मास्तरांना विषय मिळालाच होता. जंटलमन हा शब्द मुळात खानदानाचा, वागण्याशी त्याचा संबंध नंतर आला. इंग्लंडात १८०६ साली 'जंटलमेन विरुद्ध प्लेयर्स' असा क्रिकेट सामना सुरू झाला, तो १९६२ पर्यंत चालला. जंटलमेन म्हणजे हौशी, प्लेयर्स म्हणजे खेळून पोट भरणारे. मैदानात उतरायची दारंसुद्धा वेगळी. हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, पगारी खेळाडूची नंतर. १९५० साली लॉर्ड्सवर पगारी खेळाडू फ्रेड टिटमसची चुकून आधी छापली गेली, तर लाउडस्पीकरवरून दुरुस्ती सांगितली. भर मैदानात!

"म्हणजे आपला 'पांढरपेशा'च की," मी म्हणालो. "कपड्यावरून माणूस."

"मग पॉली उम्रीगर?" बापू. भारताचे कसोटीपटू उम्रीगर १९२६ साली सोलापुरात जन्मले, हे तो आठवड्यातून एकदा तरी सांगतोच. १९५९ च्या मद्रास कसोटीच्या आदल्या रात्री संघनिवडीवरून क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षांशी पटलं नाही, तर गड्यानं कप्तानपद सोडलं. "खुर्ची सोडणारा दाखव एक तरी!"

"आणि सकाळी संघानं काय करायचं? ऐनवेळी सोडून जाणं ही सभ्यता?"

मी इथं बापूच्या बाजूचा. उम्रीगरांनी कप्तानपद सोडलं, संघ नाही; त्या कसोटीत ते दुसऱ्याच्या हाताखाली खेळले. व्यंकटला ते पटलं नाही. त्याला काही पटवायचं तर दोन चहा लागतात.

पण दुसऱ्या चहाला तोच जे बोलला, ते माझ्या डोक्यातून जाईना. व्यंकट पूर्व भागातला, घरात यंत्रमाग, घरची बोली तेलुगू. "तुमच्या मराठीत मर्यादा म्हणजे इथवरच, पुढं नको. आमच्यात मर्यादा म्हणजे मान. ती द्यायची असते." मास्तरांची आई अक्कलकोटकडची, त्यांनी लगेच मान डोलावली, कन्नडातही तसंच.

"मग तुम्ही देता, आम्ही आवरतो," मी म्हणालो.

"तू आवरतोस?" बापू एवढ्या जोरात हसला की चहा शर्टावर सांडला.

तेवढ्यात तीच पांढरी गाडी उलटीकडून आली. बाळीवेशीपर्यंत जाऊन आली होती.

"चाचा, तुम्ही मुद्दाम?" बापू कुजबुजला.

"मी नीटच सांगत होतो. डावीकडं वळा म्हणायच्या आधीच त्यानं काच लावली."

या वेळी काच पूर्ण खाली आली. "काका, जरा परत सांगता का?"

चाचांनी आधी हातातलं पान बांधून गिऱ्हाइकाला दिलं, बोट फडक्याला पुसलं, आणि मग गाडीपाशी गेले.