शिक्षकांनी फक्त शिकवायचं?

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या, ग्रुपवर एक फॉरवर्ड तीनदा आला. म्हणणं असं, की अभ्यासक्रम ठरवणं हे तज्ज्ञांचं काम, शिक्षकांनी दिलेलं शिकवावं. त्यांना विषय खोलात कळत नाही, त्यांना वेळ नाही आणि त्यांच्या हातात दिलं तर सगळं सोपं करून टाकतील. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं दुसरीचा वर्ग घेतेय, त्यामुळे गप्प बसवेना.

विषय कळत नाही म्हणे. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तावन्न'च्या जोडीला 'पन्नास सात' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत गेलं. गणिताच्या पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर सांगत होत्या की जुनं वाचन काढलेलं नाही, दोन्ही आहेत, पण ऐकतंय कोण. आता वर्गात या. सत्तावन्न म्हटलं की पोरगं आधी ७ लिहितं कारण कानावर आधी 'सत्ता' पडतं, मग ५, झाले पंचाहत्तर. एकोणसाठ म्हणा, 'साठ' ऐकून ६९ लिहून मोकळं. कन्नडमध्ये दशक आधी बोलतात, तिथे हा घोळच नाही. ही अडचण पहिल्यांदा दिसते ती पोराच्या पाटीवर, आणि पाटी रोज बघते ती बाईच समितीत नको?

वेळ नाही, हे मात्र खरंय. मतदार यादी, पोषण आहाराचा हिशोब, 'आजच्या आज' भरायची ऑनलाइन माहिती. मग ती कामं काढा ना, आम्हाला का काढताय?

सोपं करून टाकतील? परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी पुस्तकाला क्यूआर कोड जोडले, नंतर राज्याच्या पुस्तकांत ते आले. यात कमी काय झालं, उलट पुस्तकात भरच पडली.

त्या फॉरवर्डखाली कुणीतरी लिहिलंय, "समितीत शिक्षक असतातच की." असतात, पुस्तकाच्या आतल्या पानावर नावंही छापतात, आणि त्यातले काही खरंच जीव तोडून काम करतात. पण बाकीच्या हजारोंना विचारतात कधी? राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा लोकांसमोर आला २०२४ च्या मे महिन्यात, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत, वर्गात एक पोर नसताना. पुढचा मसुदा शाळा चालू असताना द्या, त्यातला एखादा घटक आम्हाला महिनाभर शिकवून बघू द्या आणि मग पोरांच्या पाट्यांचे फोटो घेऊन आम्हाला बोलवा.