देवळाली कॅम्पला गावच राहू द्या

नाशिकजवळच्या आमच्या देवळाली कॅम्पच्या, म्हणजे लष्करी छावणीच्या गावाच्या, रील्समध्ये हल्ली तेच ते दिसतं. बंगल्याचं गेट, आत लॉन, निळा पूल, आणि वर लिहिलेलं असतं ‘मुंबईजवळची शांतता’. मी इथेच वाढले, अजूनही इथेच राहते, आणि त्या रील्समध्ये मला माझं गाव सापडत नाही. पाहुणे जरूर यावेत, हवा खावी, राहावं. पण गाव बघायचं असेल तर गेटबाहेर पडून हौसन रोडला यायला हवं.

सकाळी बेकरीवर पाव घ्यायला आलेली पोरं, सायकलवर निघालेले जवान, दुकानाच्या पायरीवर पाणी मारून उदबत्ती लावणारे सिंधी काका. फाळणीनंतर आलेल्या सिंधी घरांची आता तिसरी-चौथी पिढी गल्ल्यावर बसते आणि आमच्यापेक्षा झणझणीत मराठी बोलते. एका बाजूला टेलर युनिफॉर्म बेतत असतो, शेजारी कोणीतरी काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव आणि युनिट लिहीत असतो. ट्रंक रंगवायला आली की ओळखायचं, बदली झाली. फौजी कुटुंबं दोन-तीन वर्षांत निघून जातात, तरी किराणावाले त्यांना नावानिशी ओळखतात. ‘भाभी, साहब का पोस्टिंग किधर आया?’ हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकतेय. आणि कधीतरी तीच भाभी बऱ्याच वर्षांनी परत येते, तेव्हा मुलं केवढी झाली म्हणून अख्खं दुकान कौतुक करतं. सतत माणसं जाणारं गाव कोरडं व्हायला हवं होतं. आमचं झालं नाही, याचा मला फार अभिमान आहे.

या येण्या-जाण्यावरच गाव उभं राहिलंय. ब्रिटिश काळात मायदेशी परतणारे सैनिक बोटीची वाट बघत इथे थांबायचे. बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्च सुटायच्या, त्यामुळे ज्याची मुदत उन्हाळ्यात संपली त्याचे महिनेच्या महिने इथे जायचे. मग कोरडी हवा मानवते म्हणून मुंबईचे पारशी, गुजराती लोक आले, सॅनेटोरियम झाली. 1925 मध्ये बार्न्स स्कूल सुरू झालं. दिलीपकुमार यांच्या वडिलांचा फळांचा व्यापार होता, ते कुटुंब इथे राहायचं. जुनी माणसं हे असं सांगतात जणू काल-परवाची गोष्ट. 1941 मध्ये तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आज पाकिस्तानात असलेल्या काकूलहून इथे हललं आणि तोफांचा आवाज गावाच्या सवयीचा झाला. सराव सुरू झाला की खिडक्यांची तावदानं थरथरतात. नवीन सून दचकते, पाळण्यातलं बाळ मात्र झोपलेलंच असतं.

बाहेरच्यांचा नेहमी गोंधळ होतो, म्हणून सांगते. देवळालीगाव वेगळं, ते नाशिकरोडला, 1982 पासून महापालिकेत. देवळाली कॅम्प म्हणजे आमची छावणी, कॅन्टोन्मेंट; तिचा कारभार महापालिका नाही, संरक्षण खात्याखालचं छावणी मंडळ बघतं. आणि आम्हाला लागून भगूर, सावरकरांचं जन्मगाव, त्याची स्वतःची नगरपालिका. नाशिकरोडच्या बिटको चौकात रिक्षावाला ‘कॅम्प-भगूर, कॅम्प-भगूर’ असं एका दमात ओरडतो, कारण आमचं जगणं एकच आहे. नवरात्रात रेणुकामातेला रेस्ट कॅम्प रोडवर लोटते ती गर्दी दोन्हीकडची, चंपाषष्ठीला खंडोबाच्या टेकडीवर चढते तीही दोन्हीकडची. दारणाकाठच्या उसात बिबट्या दिसल्याची बातमीसुद्धा दोन्हीकडे एकदमच पोचते.

हे सगळं आत्ताच लिहावंसं वाटलं, त्याला कारण आहे. 2023 मध्ये हिमाचलमधली खास योल छावणी बंद झाली, तेव्हापासून देशभरातल्या छावण्यांचे नागरी भाग स्थानिक संस्थांकडे द्यायची चर्चा सुरू आहे. देवळालीचं काय होणार, हा आमच्याकडे कट्ट्याकट्ट्यावरचा विषय आहे. बदल नकोच, असं मी म्हणणार नाही. जुन्या कौलारू घरांची दुरुस्ती, लीज, वाढीव बांधकाम यांच्या नियमांनी लोकांच्या पिढ्या थकल्या आहेत. गळक्या छपराखाली बादल्या लावून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला ‘वारसा जपा’ असं सांगणं अन्यायाचं आहे.

पण त्याच छावणीच्या नियमांमुळे इथली घरं बुटकी राहिली आणि झाडं त्यांच्याहून उंच वाढली, हेही खरं. घर बुटकं असलं की दाराशी ओटा असतो, ओट्यावर आजी बसलेली असते, आणि शाळेतून येणारं कुठलंही पोर तिच्या नजरेतून सुटत नाही. दहाव्या मजल्यावरून हे होत नाही. लॅम रोडने नाशिकरोडकडे जाताना बघा, टॉवर कुठपर्यंत आलेत. देवळालीगावाचं गावठाण आता इमारतींमधून शोधावं लागतं. सिंहस्थ 2027 चा, त्यामुळे नाशिकमध्ये जमिनीची घाई आणखी वाढली आहे. ती लॅम रोडने आमच्यापर्यंत यायला किती वेळ लागणार?

म्हणून माझं स्पष्ट मत. छावणीतून बाहेर पडायचं असेल तर महापालिकेत नको, भगूरसोबत एक नगरपालिका हवी. महापालिकेत आमचा वॉर्ड सगळ्यात टोकाचा असेल. भगूरबरोबर असलो तर आमचा नगरसेवक हौसन रोडवर भाजी घेताना भेटेल आणि नळाला पाणी का आलं नाही, हे त्याला तिथेच विचारता येईल. दुसरं, हस्तांतराच्या आधी इमारतींची उंची आणि जुनी झाडं यांचे नियम लेखी ठरले पाहिजेत, नंतर ‘विकास आराखड्यात बघू’ म्हणून नाही. तिसरं, जुन्या घरांच्या दुरुस्तीला सोपी परवानगी आणि थोडी आर्थिक मदत, म्हणजे कोणाला नाइलाजाने बिल्डरकडे जावं लागणार नाही.

कॅम्प आणि भगूरच्या मंडळींनी आपापलं मत खाली लिहा, पटत नसेल तरी लिहा. सॅनेटोरियममध्ये सुट्ट्या काढलेल्या मुंबईकरांनीही लिहा. नीट मुद्दे जमले तर एकत्र निवेदन करू, मसुदा लिहायला मी बसते.