डिझेल गोठलेलं नाहीये मामा, आधी बॅटरीचं टर्मिनल बघा

आज पहाटे पावणेसहाला मामांचा फोन. निफाड तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग आहे त्यांची आणि २७ एचपीचा मिनी ट्रॅक्टर. मला वाटलं कोणाचं काही बरंवाईट झालं की काय. तर म्हणे, "तुला मेसेज पाठवलाय तो बघ, मी बाटलीत पेट्रोल आणून ठेवलंय, टाकीत किती टाकायचं आणि बोळ्याला किती लावायचं तेवढं सांग." बोळ्याला! माझी झोपच उडाली.

मेसेज तुम्हालाही आला असेल, गेला आठवडाभर सगळ्या ग्रुपवर फिरतोय. "थंडीत डिझेल गोठते म्हणून मिनी ट्रॅक्टर चालू होत नाही, कंपनीवाले कधीच सांगणार नाहीत असे ७ जालीम उपाय." खाली आगीचे पाच-सहा इमोजी, आणि ते मात्र अगदी बरोबर टाकलेत, कारण सातातल्या तीन उपायांत आगच लागणार आहे.

पहिला मुद्दा, डिझेल गोठतं म्हणून त्यात पेट्रोल किंवा रॉकेल मिसळा. आपल्याकडच्या डिझेलसाठी आयएस १४६० नावाचं भारतीय मानक आहे, त्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिवाळा धरलाय आणि त्या डिझेलचा ओघळबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली ते वाहायचंच थांबतं ते तापमान, जास्तीत जास्त ३ अंश असलं पाहिजे असं लिहिलंय. थंडीत डिझेलातलंच मेण घट्ट होऊन फिल्टरमध्ये अडकायला लागतं, त्याची मर्यादा ६ अंश. ह्या वरच्या मर्यादा आहेत, म्हणजे माल ह्याहून वाईट चालत नाही. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा ४-५ अंशावर गेला की पेपरात फोटो येतो, पण तो पहाटेचा तास-दोन तासांचा आकडा असतो आणि तोही उघड्यावरचा. शेडमध्ये उभ्या ट्रॅक्टरच्या टाकीतलं ३०-३५ लिटर डिझेल तेवढ्यात दगड होत नाही. गोठणं बघायचं तर लडाखला जा. तिथे खरंच डिझेल गोठायचं, म्हणून तर इंडियन ऑइलनी २०१९ च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशापर्यंत वाहणारं वेगळं हिवाळी डिझेल काढलं. निफाड म्हणजे लेह नाही.

आता एक गोष्ट नाईलाजाने मान्य करतो. त्याच मानकात उन्हाळी डिझेलला फिल्टरची मर्यादा १८ अंश आहे. म्हणजे कोणी सप्टेंबरात ड्रम भरून ठेवला आणि डिसेंबरात तेच वापरतोय तर फिल्टरमध्ये पांढरट गढूळ दिसू शकतं. आणि रॉकेल मिसळलं की मेण उशिरा धरतं हेही खोटं नाही, थंड देशांत जुने लोक करायचे. पण त्याला उपाय काय, तर पंपावरून ताजं डिझेल आणा! रॉकेल आता मिळतंय तरी कुठं, आणि रेशनचं निळं रॉकेल डिझेलात घालणं हा गुन्हा आहे ते वेगळंच.

पेट्रोलचं तर सगळं गणितच उलटं आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेने डिझेल आपोआप पेट घेतं. डिझेल किती पटकन पेटतं त्याचा आकडा म्हणजे सीटेन, तो त्याच मानकात कमीत कमी ५१ सांगितलाय. पेट्रोल मुद्दाम असं बनवतात की दाबाने आपोआप पेटू नये. मग डिझेलात पेट्रोल घातलं की सीटेन खाली येणार, म्हणजे थंडीत आधीच नखरे करणारं इंजिन आणखी उशिरा चालू होणार. वर इंजिनाच्या डिझेल पंपाला आणि नोझलला वंगण डिझेलचंच मिळतं, ते पातळ झालं की पंप दुरुस्त करणाऱ्याची दिवाळी. आणि टाकीच्या तोंडाशी जी वाफ जमते ती नुसत्या डिझेलची असली तर सहसा पेटत नाही, पेट्रोल मिसळलेली पेटते. मामा रात्री टाकीत डोकावताना काडी ओढतात की नाही ते मामींना विचारा.

दुसरा मुद्दा, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलोय. "एअर फिल्टर काढून पेट्रोलचा बोळा पेटवून तोंडाशी धरावा किंवा स्टार्टिंग स्प्रे मारावा, सोबत हीटर चालू ठेवावा, पहिल्या सेल्फमध्ये इंजिन चालू." हीटर चालू ठेवावा!! हे लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी इंजिन उघडलेलं नाही.

नीट समजून घ्या. डिझेल केव्हा आत जाणार ते पंप ठरवतो, पिस्टन जवळजवळ वर पोचला की मग नोझल फवारा मारतं आणि तेव्हा ते पेटतं, तो धक्का पिस्टनला खाली ढकलतो. स्प्रेमध्ये ईथर असतं, ते डिझेलपेक्षाही कमी उष्णतेला पेटतं. ते हवेबरोबर आधीच आत गेलं तर पिस्टन अजून निम्म्या वाटेवर असतानाच भडका उडतो, म्हणजे पिस्टन वर येतोय आणि स्फोट त्याला खाली हाणतोय. रिंगा तुटतात, पिस्टनच्या कडा उडतात, हेड गॅस्केट जातं, नशीब वाईट असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि हीटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तापवणारा ग्लो प्लग, चालू असला तर दाब यायचीही वाट बघावी लागत नाही, कारण त्याचं टोक लालभडक असतं, ८०० अंशाच्या वर. काही ट्रॅक्टरना हीटर हवा आत नेणाऱ्या इनटेक पाईपमध्येच असतो, तिथे तर भडका तोंडाबाहेर येतो, आणि तोंडाशी कोण उभं असणार, बोळा धरून मामा! आणि ऑइलवाल्या एअर क्लीनरमधलं ऑइल आत ओढलं गेलं तर इंजिन स्वतःच्या मर्जीने पळायला लागतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. ग्लो प्लगवाल्या मिनी ट्रॅक्टरच्या पुस्तकात ईथर वापरू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं, ते पुस्तक बहुतेकांच्या घरी अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे.

हो, थंड देशांत मोठ्या मशिनना ईथरचा किट कंपनीच बसवून देते, पण त्यांना ग्लो प्लग नसतात आणि किट मोजून थेंबथेंब सोडतो. आपला माणूस अर्धा डबा मारतो.

तिसरा, ऑइल चेंबरखाली शेकोटी. मला कळतं हे कुठून आलं. थंडीत मणी तडकू नयेत म्हणून आपण बागेत शेकोट्या करतो, पहाटे ड्रीप सोडतो, ते ठीकच आहे. पण तीच निखाऱ्याची पाटी उचलून ट्रॅक्टरखाली सरकवायची? वर डिझेलची रबरी नळी, वायरिंग, वर्षानुवर्षं साचलेलं ऑइल आणि गवत. १५डब्ल्यू-४० ग्रेडचं इंजिन ऑइल असेल तर आपल्या थंडीत ते गरम करायची गरजच नाही, ते उण्यातल्या थंडीतही वाहतं.

चौथा, रेडिएटरमध्ये आणि डिझेल पंपावर उकळतं पाणी. रेडिएटरचं अर्धं खरं. आजोबांच्या जुन्या ट्रॅक्टरला रात्री पाणी काढून सकाळी कोमट पाणी घालायचे, ब्लॉक गरम झाला की इंजिन लवकर चालू होतं. पण आता कूलंट असतं, ते रोज काढून साधं पाणी घातलं की गंज. आणि थंड डिझेल पंपावर उकळतं पाणी ओतणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, आतल्या प्लंजरची, म्हणजे दट्ट्याची, फट केसाहूनही कितीतरी बारीक असते, एकीकडून फुगला की जाम.

बाकीचे पटकन. दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट द्या म्हणे, १२ व्होल्टचे ग्लो प्लग पहिल्याच दिवशी जळतील, सोबत स्टार्टरही जाऊ शकतो. जंपर लावायचाच तर प्लसला प्लस, म्हणजे व्होल्ट १२ च राहतात. रात्री टाकी रिकामी ठेवा हे तर उलटच, रिकाम्या टाकीत दव धरतं आणि ते पाणी डिझेलात उतरतं, संध्याकाळी टाकी भरून ठेवायची असते. चालू होताच फुल रेस करा, मग ऑइल वर पोचायच्या आधी बेरिंग घासणार कोणाची?

आता मामांच्या ट्रॅक्टरला खरं काय झालं होतं. मी फोनवर विचारलं सेल्फ कसा फिरतोय, तर म्हणाले "घर्र... घर्र... असा रडतो." धूर येतो का? "नाही, थोडा पांढरा येतो कधी." झालं की मग! सेल्फ मारताना धूरच नाही म्हणजे डिझेल पोचत नाही, फिल्टर, नळीत अडकलेली हवा, इंजिन बंद करायची स्टॉपची तार बघा. पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही, म्हणजे उष्णता कमी पडते. आणि लहान इंजिनाला हा त्रास जास्त, कारण सिलिंडर छोटा असला की आतल्या हवेच्या मानाने भिंती जास्त, दाबलेली हवा भिंतींनाच गरम करत बसते. त्यात सेल्फ हळू फिरला तर हवेला गार व्हायला आणखी वेळ मिळतो. म्हणून तर असल्या इंजिनांना ग्लो प्लग देतात आणि म्हणून मरगळलेली बॅटरी उन्हाळ्यात चालते पण डिसेंबरात दगा देते, थंडीत तिची ताकद कमी होते आणि ऑइल घट्ट झाल्याने काम वाढतं.

मामांना म्हटलं लाईट लावा आणि सेल्फ मारा. लाईट पार विझली. टर्मिनलवर पांढरा-निळा फुलोरा, बोटाने हलतंय. कोमट पाण्याने धुऊन, पॉलिश पेपर मारून, आवळून घेतलं, चेसिसला जोडलेली अर्थची वायर पण. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. मग ग्लो प्लग, वायर काढून टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं प्लगच्या बोल्टला लावा, दिवा लागला तर कॉइल जिवंत, नाही लागला तर प्लग मेला. मामांचे तीनातले दोन मेलेले निघाले. किती वर्षांपासून ते देवालाच माहीत, कारण मामा चावी हीटरवर धरतच नाहीत, थेट सेल्फ!

एका प्लगवर आणि घट्ट टर्मिनलवर, क्लच पूर्ण दाबून (गिअर ऑइलचं ओझं स्टार्टरवर येत नाही), हीटर धरून, दहा सेकंदांच्या आत सेल्फ सोडून, अर्धा मिनिट थांबून, तिसऱ्या वेळी चालू झाला. साडेसात वाजले होते. तसंही पानांवर दव असताना औषध फवारायचा ब्लोअर चालवून काय करणार होते कोण जाणे.

दोन प्लग आज आणतो म्हणालेत. बाटलीतलं पेट्रोल मोटरसायकलमध्ये ओतायला सांगितलंय. आणि मामा, तो मेसेज तुम्ही पहाटेच बागायतदारांच्या ग्रुपवर टाकलाय ते मी बघितलंय, तो डिलीट करा. सगळ्यांसाठी डिलीट करा, मागच्या वेळेसारखं नुसतं स्वतःसाठी नाही.