जनरेटर बंद पडला तेव्हा मी का थांबलो

आपण वेळ काढून सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. छोट्या जेटचा डावा जनरेटर (डाव्या इंजिनावर चालणारे, वीज पुरवणारे यंत्र) ४१,००० फुटांवर बंद पडला असताना चेकलिस्ट, म्हणजे करायच्या कृतींची क्रमवार यादी, हाती घेईपर्यंत मी एकाही स्विचला हात लावला नाही, असे मी लेखात लिहिले होते. 'एकट्याने विमान उडवणाऱ्याला ही चालढकल परवडत नाही, आणि हे वाचून एखाद्या नवख्याने मोलाचे सेकंद घालवले तर जबाबदार कोण?' असा आपला आक्षेप आहे. त्यातला अर्धा भाग खरा आहे.

केबिनमधील हवेचा दाब गेला, तर आपले म्हणणे शब्दशः लागू पडते. त्या उंचीवर माणूस भानावर राहून काही उपयोगाचे करू शकतो तो काळ जेमतेम १५ ते २० सेकंदांचा असतो; तेथे आधी स्वतःच्या तोंडावर ऑक्सिजन मास्क, मग खाली उतरणे, आणि बाकी सारे नंतर. २५ ऑक्टोबर १९९९ रोजी अमेरिकेत ऑर्लँडोहून डॅलसकडे निघालेल्या लिअरजेट ३५ विमानातील दाब गेला, वैमानिकांना ऑक्सिजन मिळाला नाही, आणि ते विमान जवळजवळ चार तास आपोआप उडत राहून साउथ डकोटात कोसळले. सहाही जण दगावले.

जनरेटरचे तसे नाही. अशा विमानात दोन्ही इंजिनांना स्वतंत्र जनरेटर असतात. एक गेला तर दुसरा विजेचा आवश्यक भार उचलतो, आणि दोन्ही गेले तरी भार कमी केल्यास अत्यावश्यक उपकरणे बॅटरीवर निदान अर्धा तास चालावीत, अशी रचना असते. त्या वेळी खरा धोका असतो तो चुकीच्या स्विचवर पडणाऱ्या हाताचा. ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ कोसळलेल्या बोइंग ७३७ च्या वैमानिकांनी डावे इंजिन बिघडलेले असताना धडधाकट उजवे इंजिन बंद केले, आणि नेमकी त्याच सुमारास थरथर कमी झाल्याने आपला निर्णय बरोबर होता, असा त्यांचा समज झाला. ४७ जणांचा जीव गेला. तेथे निदान एकमेकांना विचारायला दोघे होते. एकट्या वैमानिकाने तर ऑटोपायलट विमान सांभाळतो आहे ना हे पाहावे, स्विचवर बोट ठेवून त्याचे नाव मोठ्याने वाचावे आणि मगच तो हलवावा, असा माझा आग्रह आहे. मी तेच केले: उजव्या जनरेटरचे अँपिअर (त्यावरील विजेचा भार) मर्यादेत आहेत याची खात्री करून घेतली, चेकलिस्टप्रमाणे डावा एकदाच रीसेट करून पाहिला, तो आला नाही तेव्हा भार कमी केला आणि बर्फ जमेल असे ढग टाळून जवळच्या विमानतळाकडे वळण्याची परवानगी एटीसीकडे (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाकडे) मागितली.

मात्र लेखात मी 'कोणताही बिघाड झाला तरी' असे लिहिले होते, ते चुकीचे आणि धोक्याचे आहे. ते वाक्य आजच बदलतो आहे, आणि दाब जाणे किंवा केबिनमध्ये धूर होणे या प्रसंगी मास्क आधी व चेकलिस्ट नंतर, हा क्रम त्याच्या लगेच पुढे लिहितो आहे.