सुटे भाग

माझ्या इंजिनाचे आठ व्हॉल्व्ह आणि ते उघडायला लावणारे आठ टॅपेट सध्या झाकणाच्या एका प्लास्टिकच्या डब्यात आहेत. स्वच्छ धुतलेले, पुसलेले, चकचकीत. डब्यावर कागदाची पट्टी चिकटवली आहे आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलंय, ‘सुटे भाग’. अक्षर माझं नाही.

गाडी जुनी फियाट 1100. म्हणजे 1953 साली आलेल्या 1100/103 च्या घराण्यातली. 1089 सीसी, 68 मिलिमीटरचा बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, 75 चा स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव. ऑइल पीत होती, मागून निळा धूर सोडत होती, म्हणून इंजिन उतरवून पार्किंगमध्ये टेबलावर खोललं. यात सांगण्यासारखं फार काही नाही. सांगण्यासारखे आहेत ते तळमजल्यावरचे काका.

काका निवृत्त आहेत. नोकरीभर स्टोअर्स सांभाळलं, आणि त्यांच्याच शब्दांत ‘एक खिळा इकडचा तिकडे झाला नाही’. पाना खाली पडल्याचा आवाज आला की पाचव्या मिनिटाला काका हजर. हात पाठीमागे बांधून, मान किंचित तिरकी करून उभे राहतात. मदत मागितलेली नसते, त्यामुळे ती नाकारायचीही सोय नसते.

परवा मी नव्या पिस्टन रिंगा काढून ठेवत होतो. काकांनी त्यातली एक उचलली, उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा पडला.

“अरे, ही फुटकी आहे.”

“नाही काका, तशीच असते.”

“तशी कशी असेल? हा बघ काप. आरपार आहे.”

“तो ठेवलेलाच असतो. नाहीतर पिस्टनवर चढणार कशी? शिवाय तापल्यावर रिंग फुगते. तिला जागा नसेल तर ती सिलिंडरलाच धरेल.”

काकांनी दुसरी रिंग उचलली. “हीसुद्धा फुटकी.” तिसरी. “अरे, अख्खा सेट गळ्यात मारलाय तुझ्या! पावती आहे ना?”

मी शांत होतो. खरंच होतो. रिंग सिलिंडरमध्ये सरकवली, पिस्टनने ढकलून सरळ केली आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या मापाची, पाती घालून दाखवली. एवढ्या बोअरला साधारण पाव मिलिमीटर गॅप हवा. पाती जेमतेम ओढ देत सरकत होती. अगदी मनासारखी. काकांनी वाकून पाहिलं.

“मग यातून ऑइल वर नाही येणार?”

प्रश्न चांगला होता, हे कबूल करायला हवं. मी उत्साहाने सांगितलं, की म्हणूनच एका पिस्टनवर एकापेक्षा जास्त रिंगा असतात आणि त्यांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नसतात. एकीचं इकडे, दुसरीचं तिकडे, गोल वाटून द्यायची.

काका बराच वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे एक फुटकी आहे म्हणून दुसरी घालायची, आणि तीही फुटकीच.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. संध्याकाळी ते गेटपाशी कुणालातरी सांगताना ऐकू आलं, “साधा आहे बिचारा. फुटक्या रिंगा घेऊन आलाय आणि वर त्याच बसवतोय.”

हे सगळं मी सोडून दिलं असतं. पण काल जेवायला वर गेलो.

इथे त्या पुठ्ठ्याबद्दल सांगायला हवं. हेडमधून काढलेले व्हॉल्व्ह आणि ब्लॉकमधून काढलेले टॅपेट मी एका पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात खोचून ठेवले होते. प्रत्येक भोकाखाली नंबर. हा हौशी टापटिपीचा भाग नव्हे. टॅपेटचा तळ कॅमच्या, म्हणजे त्याला ढकलणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, एका ठरावीक उंचवट्यावर वर्षानुवर्षं घासून त्याच्याशी जुळलेला असतो. त्याला शेजारच्या उंचवट्यावर बसवलं तर दोघं मिळून एकमेकांना खातात. व्हॉल्व्हचं तसंच. प्रत्येक व्हॉल्व्ह मी त्याच्या-त्याच्या सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, घासून बसवला होता. रबरी चोखणीची ती काठी दोन तळव्यांत धरायची आणि ताक घुसळावं तशी फिरवत राहायचं. आधी जाड पेस्ट, मग बारीक. पेस्ट पुसल्यावर व्हॉल्व्हच्या काठाला राखाडी रंगाचं एक निस्तेज कडं दिसायला हवं, कुठेही न तुटलेलं. ते दिसेपर्यंत तळव्यांची सालं निघतात. माझी निघाली आहेत, हवी तर दाखवतो.

खाली आलो तर टेबल लख्ख. पुठ्ठा नाही. टेबलाच्या मधोमध डबा. शेजारी काका, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नुकतीच बदली होऊन आलेल्या कर्तबगार अधिकाऱ्याचं समाधान.

“डिझेलमध्ये धुऊन काढले. केवढी घाण होती! एकसारखे दिसतात की सगळे.”

“काका, पुठ्ठा?”

“तो तेलकट? टाकला. कचऱ्याची गाडी आलीच होती.”

मी काही बोललो नाही. वडीलधारा माणूस, बनियनवर डिझेलचे डाग, इतकं राबलेला. अशा वेळी ओरडता येत नाही, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. नुकसान करणारा उद्धट असला तर निदान भांडता तरी येतं. इथे मला तोंडाने “थँक्यू काका” म्हणावं लागलं. ते “असू दे, असू दे” म्हणाले.

मी लॅपटॉप उघडून बसलो असतो तर येऊन माझ्या फायली कुणी आवरल्या असत्या का? पण हाताला ग्रीस लागलं की माणूस सार्वजनिक होतो. येणारा-जाणारा थांबतो. “चालू होणार का?” “भंगारात किती येतील?” “त्यापेक्षा मेकॅनिककडे का नाही टाकत?” आहेत कुठे आता या इंजिनाचे मेकॅनिक? जे भेटतात ते आधी हातोडा काढतात आणि मग विचारतात, काय प्रॉब्लेम आहे. मॅन्युअल उघडावं तर त्यात ते निर्लज्ज वाक्य: जोडणी खोलण्याच्या उलट क्रमाने करावी. क्रम कचऱ्याच्या गाडीतून गेला असेल तर काय करावं, हे कुठल्याच पानावर नाही. कनेक्टिंग रॉडवर नंबर ठोकलेले होते म्हणून ते तरी वाचले. नाहीतर काकांनी त्यांचाही एक डबा केला असता.

टॅपेटचा निकाल लागलाच. एकाचा तळ दुसऱ्याच्या कडेवर टेकवून उजेडात धरला, की चांगला टॅपेट किंचित डुलतो, कारण त्याचा तळ नखभर फुगीर असतो. जो डुलत नाही, ज्याच्या मधून उलट उजेड दिसतो, तो गेलेला. आणि जे चांगले निघाले ते कुठल्या उंचवट्याचे, हे आता कुणीच सांगू शकत नाही. म्हणजे सगळे नवे. व्हॉल्व्ह मात्र परत घासता येतात. आठही.

आज सकाळपासून तेच चाललंय. काका आले, उभे राहिले, बराच वेळ माझ्या तळव्यांकडे बघत होते.

“मागच्या खेपेपेक्षा हात चांगला बसलाय तुझा,” म्हणाले. मग त्यांची नजर बाकावरच्या कार्ब्युरेटरवर गेली. “हा फारच घाण आहे रे. घरी नेतो. उद्या सगळा मोकळा करून देतो तुला, डब्यात.”