बॅलन्स शाफ्ट काढण्याचा सल्ला आणि त्यातली अर्धसत्ये

‘टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन उघडलेच आहे, तर बॅलन्स शाफ्टही काढून टाका, ते केवळ केबिनमधल्या सुखासाठी असतात, ताकद खातात आणि त्यांचा बेल्ट एक दिवस इंजिनाचा घात करतो,’ असा सल्ला मित्सुबिशीच्या ४जी६३ या २ लिटर इंजिनाबद्दल वर्षानुवर्षे फिरतो आहे. बॅलन्स शाफ्ट म्हणजे इंजिनाचा हादरा खोडण्यासाठी फिरणाऱ्या असंतुलित वजनाच्या दोन दांड्या, आणि टायमिंग बेल्ट म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळवून ठेवणारा पट्टा.

यातला शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात तथ्य आहे. या इंजिनात बॅलन्स शाफ्टसाठी वेगळा, छोटा बेल्ट असतो. तो तुटून त्याचे तुकडे टायमिंग बेल्टखाली गेले, तर मोठा बेल्ट पुलीच्या दातांवरून घसरतो, पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. मात्र छोटा बेल्ट काढल्याने मोठ्याचे आयुष्य वाढत नाही. क्रँकशाफ्टच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) पुढच्या सीलमधून गळणारे तेल किंवा थकलेला टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) यांनीही नेमकी हीच गत होते. अमेरिकेत या इंजिनाच्या गाड्यांचा टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांवर, म्हणजे सुमारे ९६,००० किलोमीटरवर बदलायचा असे. त्याच कामात छोटा बेल्ट, सील आणि टेन्शनरही बदलले, तर या धोक्याचा बंदोबस्त होतो.

ताकदीचा मुद्दा फार ताणण्यासारखा नाही. शाफ्ट क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरतात, त्यात थोडी शक्ती खर्च होते आणि ते काढल्यावर इंजिनाचा वेग किंचित लवकर चढतो. पण टर्बो इंजिनात बूस्टमधला, म्हणजे टर्बो आत ढकलत असलेल्या हवेच्या दाबातला, लहानसा बदलही याहून जास्त देतो.

‘केवळ सुखासाठी’ हे विधान मात्र मला सर्वाधिक खटकते. सरळ रांगेतल्या चार सिलिंडरांत दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, त्यामुळे मुख्य धक्के एकमेकांना खोडतात. परंतु कनेक्टिंग रॉडच्या तिरकेपणामुळे पिस्टन वरच्या अर्ध्या फेरीत अधिक वेगाने सरकतो आणि क्रँकच्या दुप्पट वारंवारतेचा उभा हादरा शिल्लक राहतो, जो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. परस्परविरुद्ध फिरणारे दोन शाफ्ट तो खोडतात. पोर्शने आपल्या ९४४ या मोटारीसाठी मित्सुबिशीकडून याच रचनेचा परवाना घेतला होता. शाफ्ट नसले तरी क्रँकची बेअरिंग त्यामुळे लगेच जात नाहीत, हे खरे. पण तो हादरा इंजिन माउंटिंग, ब्रॅकेट आणि नटबोल्ट यांना रोज सोसावा लागतो.

सर्वांत घातक म्हणजे ‘नुसता छोटा बेल्ट कापून टाका’ ही पळवाट. तो बेल्ट दोनपैकी एकच शाफ्ट फिरवतो. दुसरा ऑइल पंपाच्या गिअरवर चालतो आणि फिरतच राहतो. जोडीदार थांबल्यामुळे त्याचा आडवा झोक खोडणारे कोणी उरत नाही आणि थरथर वाढते. शाफ्ट खरोखर काढायचे, तर ऑइल पंपात आखूड शाफ्ट बसवावा लागतो आणि ब्लॉकमधली बेअरिंग फिरवून त्यांची तेलाची भोके बंद करावी लागतात. ती उघडी राहिली, तर तेलाचा दाब घसरतो.

बेल्ट बदलल्यावर गाडी थरथरते, म्हणून शाफ्टच निरुपयोगी ठरवणारेही अनेक आहेत. ऑइल पंपाच्या पुलीची खूण जुळलेली दिसूनही आतला शाफ्ट अर्धा फेरा चुकलेला असू शकतो. ब्लॉकच्या बाजूचा प्लग काढून ८ मिलिमीटर जाडीचा स्क्रूड्रायव्हर घालून पाहावा: तो ६० मिलिमीटर आत गेला, तर शाफ्ट जागेवर आहे, २०–२५ मिलिमीटरवरच अडला, तर पुली आणखी एक फेरा फिरवून खूण पुन्हा जुळवावी आणि मगच बेल्ट चढवावा.