खाडा पडला म्हणून मागचं पुसलं जात नाही

"21 दिवस सलग व्यायाम करा, सवय आपोआप लागेल. एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. अंग दुखलं नाही, घाम निथळला नाही, तर तो व्यायामच नव्हे. रोज 10,000 पावलं झालीच पाहिजेत. पन्नाशीनंतर वजनं उचलू नका, फक्त चाला. आणि जिद्द असेल त्याला वेळ मिळतोच." हा मेसेज मला आतापर्यंत चार जणांनी पाठवलाय. पाठवणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तरीही त्यातल्या एकेका वाक्याला उत्तर द्यायला बसले आहे, कारण याच मेसेजपायी माझ्या ताईचा व्यायाम सुटला.

तिने कॅलेंडरवर लाल पेनने फुल्या मारायला सुरुवात केली होती. 18 फुल्या झाल्या आणि ताप आला. तीन दिवस अंथरुणात गेले. बरी झाल्यावर तिने पुन्हा '1' लिहिलं. नऊ फुल्यांनंतर घरात आजारपण निघालं, परत खाडा. तिसऱ्यांदा '1' लिहिलं, पण त्यावर फुली पडलीच नाही. बूट दाराशी तसेच राहिले, आत मोजे कोंबलेले. "माझ्याच्यानं नाही होणार हे," ती म्हणाली. तीस दिवसांत 27 दिवस व्यायाम केलेली बाई स्वतःला नापास समजत होती!

आता तो 21 चा आकडा. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना साधारण 21 दिवस तरी लागतात, असं त्यांनी 1960 मध्ये लिहिलं. 'कमीत कमी' हा शब्द त्यांनी वापरला होता, तो पुढे गळाला. चेहऱ्याची गोष्ट व्यायामाला चिकटली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना प्रत्येकी एक नवी सवय निवडायला सांगून 12 आठवडे त्यांचा मागोवा घेतला. त्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधून सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ निघाला 18 ते 254 दिवस, आणि मधला आकडा 66. पाण्याचा पेला पिण्यासारख्या साध्या सवयी लवकर जडल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. म्हणजे बाविसाव्या दिवशीही सकाळी उठणं जड जात असेल, तर तुमच्यात काही खोट नाही. ते तसंच असतं.

एक दिवस चुकला की सगळं पाण्यात, हे या मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य. याच अभ्यासात हेही दिसलं, की एखादी संधी हुकल्याने सवय जडण्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. शरीराचंही तसंच. दम टिकवण्याची क्षमता दोन-तीन आठवडे काहीच न केल्यावर जाणवेल इतकी उतरते, ताकद त्याहून सावकाश. एका दिवसाने यातलं काही होत नाही. 1966 मध्ये अमेरिकेतल्या डॅलसमध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं होतं. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पावपटीहून जास्त घटली. पण पुढच्या आठ आठवड्यांच्या व्यायामात ती भरून आली, आणि वर वाढलीसुद्धा. इतक्या टोकाच्या सक्तीनंतर शरीर परत येत असेल, तर ताईच्या तीन दिवसांच्या तापाचं काय घेऊन बसायचं? उलट अंगात ताप असताना फुलीसाठी व्यायाम करणं हृदयावर बेतू शकतं. त्या तीन दिवसांत ती झोपून राहिली, हे तिने बरोबरच केलं होतं.

शिवाय ताकदीच्या व्यायामानंतर स्नायूंची डागडुजी आणि बांधणी पुढचा दिवस-दोन दिवस चालू असते. ती विश्रांतीतच होते. रोज तेच पाय, तोच जोर, असं केलं तर दुरुस्तीला उसंतच मिळत नाही. म्हणून एक दिवस पाय, एक दिवस नुसतं चालणं, एक दिवस आराम, असं आलटून पालटून केलं तर ती काही पळवाट ठरत नाही. व्यायामाची घडी अशीच बसते.

दुखणं आणि घाम यांच्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे भली भली माणसं फसतात. नवा व्यायाम केला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबतं. जिना उतरताना मांड्या बोलतात, चढताना तितक्या नाही. कारण स्नायू ताणला जात असताना जेव्हा भार पेलतो, तेव्हा त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. उतरताना आणि बैठकीत खाली जाताना नेमकं हेच घडतं. लॅक्टिक ॲसिड साचल्याने दुखतं, ही समजूत चुकीची. ते साधारण तासाभरात रक्तातून निघून जातं. तोच व्यायाम दोन-चार वेळा झाला की दुखणं कमी होतं, पण फायदा चालूच राहतो. दुखणं हा नवखेपणाचा पुरावा, प्रगतीचा नव्हे. सांध्यात टोचणारी कळ येत असेल, किंवा अतिव्यायामानंतर लघवीचा रंग गडद तपकिरी झाला असेल (हा स्नायू मोडल्याचा इशारा असू शकतो), तर दुर्लक्ष नको. अशा वेळी वाट पाहू नका, डॉक्टरांकडे जा. छातीत दाब आला तर थांबायलाच हवं. "दुखलं तरच फायदा" हे मनावर कोरलेला माणूस नेमका या खुणांकडे काणाडोळा करतो, आणि मला भीती वाटते ती याचीच.

घाम म्हणजे अंग थंड करण्याची सोय. दमट हवेत स्वस्थ बसूनही तो येतो. व्यायामानंतर काट्यावर दिसणारी घट मुख्यतः पाण्याची असते, पाणी प्यायलं की भरून येते. जोर पुरेसा आहे का ते बघायला सोपी कसोटी आहे: बोलता येतं पण गाता येत नाही, म्हणजे मध्यम व्यायाम. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, म्हणजे जोमाचा.

10,000 पावलांचं लवकर आटपते. 1965 च्या सुमारास जपानमध्ये 'मॅन्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर, या नावाने एक यंत्र विकायला आलं. आकडा तिथून पसरला. वयस्क स्त्रियांवरच्या 2019 मधल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दिवसाला सुमारे 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण 41 टक्के कमी आढळलं, आणि 7,500 च्या पुढे फरक दिसेनासा झाला. तेव्हा 4,000 पावलं झाली म्हणून कुणी खंत करू नये.

"पन्नाशीनंतर फक्त चाला" हे ऐकलं की मला राग येतो. चालणं उत्तमच. पण हातांचा टेकू न घेता खुर्चीतून उठून बघा. पाय थोडे मागे, अंग पुढे झुकवायचं, टाचा जमिनीत रोवायच्या आणि उठायचं. वय वाढलं की सगळ्यात आधी अडतं ते इथे, आणि नुसत्या चालण्याने ही ताकद पुरेशी राहत नाही. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 86 ते 96 वयाच्या दहा वृद्धाश्रमवासीयांनी आठ आठवडे मांड्यांनी वजनं उचलली. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली! जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सांगितला आहे. 65 च्या पुढच्यांना तोल सांभाळण्याचे व्यायामही. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी विचारून घ्या, वजन हलकं ठेवा, श्वास कोंडू नका. पण वजनाला घाबरून राहू नका.

राहिली जिद्द. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि 2002 मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात एका गटाला व्यायामाचं महत्त्व पटवून देणारा मजकूर वाचायला दिला. दुसऱ्या गटाने तो वाचलाच, वर कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार तेही लिहून ठेवलं. पुढच्या आठवड्यात पहिल्या गटातल्या 35 टक्क्यांनी व्यायाम केला, दुसऱ्यातल्या 91 टक्क्यांनी. महत्त्व दोन्ही गटांना पटलेलं होतं.

ताईला मी हेच दाखवलं. आता तिने लिहून ठेवलंय: मंगळवारी आणि शुक्रवारी, कामावरून आल्यावर, पर्स खुंटीला अडकवली की बसायच्या आधी, खुर्चीवरून दहा उठाबशा, दोन वेळा. बाकी दिवशी जमेल तसं चालायचं. फुल्या बंद केल्या. रविवारी ती आठवड्याची मिनिटं मांडते. गेल्या आठवड्यात मध्येच दोन दिवस पाहुणे होते. बेरीज 110 आली. तिने आकडा लिहिला, पेन ठेवलं आणि बुटातले मोजे धुवायला टाकले.